चंद्रपूरच्या खाणी आणि वीजसंच बंद व्हायची तारीख आत्ताच जाहीर करावी का?

वर्धाकाठ
मागचे दोन दिवस बाबांचे पीएफचे कागद लावत बसलो होतो. बावीस वर्षं डंपर चालवला त्यांनी, एकाच ओपनकास्ट (वरून खोदलेल्या उघड्या) खाणीत, त्याच रस्त्यावर, पण कागदावर सहा वेगवेगळे ठेकेदार आहेत. टेंडर बदललं की नवा गेटपास, नवा पीएफ नंबर आणि सर्व्हिस परत शून्यापासून. सहापैकी दोन ठेकेदारांचा आता पत्ताच लागत नाही, म्हणजे साडेसहा वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, त्यावर पीएफ कापलेला दिसतो, पण खात्यात काही नाही. हे सगळं पलंगावर पसरलेलं असताना जे डोक्यात आलं ते मांडतो, पटलं नाही तर खुशाल भांडा.

२०२१ ला ग्लासगोत भारताने सांगितलं की २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषूनही घेऊ. म्हणजे कोळसा कधी ना कधी थांबणार हे ठरलेलं आहे. आता आमच्याकडे बघा, चंद्रपूरचं वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं, आजूबाजूला बल्लारपूर, माजरी, वणी, राजुरा असा सगळा वेकोलिचा (वेस्टर्न कोलफिल्ड्स, केंद्राची कोळसा कंपनी) पट्टा, आणि त्याच्यावर जगणारे रेल्वे सायडिंगवाले, ट्रकवाले, पंक्चरवाले, खानावळी, खोल्या भाड्याने देणाऱ्या बाया. यातली कोणती खाण कोणत्या वर्षी बंद होणार, कोणता संच कधी निघणार हे आमच्या गावात कोणालाच माहीत नाही. २०७० ही दिल्लीची तारीख झाली, राजुऱ्यातल्या माणसाने ती घेऊन काय करायचं?

माझं म्हणणं असं की प्रत्येक खाणीची आणि प्रत्येक संचाची तारीख आत्ताच लिहा, वीस वर्षं आधी, आणि कायद्यात लिहा. त्याच कायद्यात हेही लिहा की ठेकेदारी कामगाराची सगळी सर्व्हिस एकत्र धरली जाईल, जमिनीचं पुढे काय होणार, आणि पैसा कुठल्या खात्यातून येणार. तारीख नसली की काय होतं, एक दिवस सकाळी गेटवर नोटीस चिकटवलेली असते आणि लोक डबा हातात घेऊन उभे असतात.

परळीकर_७४
भाऊ तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण तारीख जाहीर करायच्या मी पूर्ण विरोधात आहे आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या परळीचं थर्मल २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडलं. ते काही कायमचं बंद नव्हतं, पाऊस पडला की चालू होणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी काय झालं? राखेच्या ट्रका थांबल्या, वीटभट्ट्या थांबल्या, माझ्या चुलतभावाचं हॉटेल होतं गेटजवळ त्याने दोन पोरं कामावरून कमी केली, किराणावाल्याने उधारी बंद केली. नुसत्या "बंद आहे" या बातमीने गाव बसलं. आता तुम्ही सांगताय २०४५ अशी पाटी लावा. कोणती बँक तिथे घराला वीस वर्षांचं लोन देईल? कोणता डॉक्टर दवाखाना टाकेल? पोरीचं लग्न ठरवताना लोक विचारतील की मुलगा त्या बंद होणाऱ्या गावात राहतो का. तारखेने गाव तारखेच्या पंधरा वर्षं आधीच मरतं.

दुसरी गोष्ट, आपण माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन सोडतो आणि अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. ज्यांनी दोनशे वर्षं धूर केला त्यांनी आधी थांबावं. आमच्या लेकरांना आता कुठे चोवीस तास लाईट मिळायला लागली.

वर्धाकाठ
परळीकर दादा, अमेरिकेचं तुमचं बरोबर आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण तुमच्याच उदाहरणात बघा ना, परळी बंद कशाने झालं? दुष्काळाने. म्हणजे तारीख लिहिली नव्हती तरी बंद झालंच, आणि हॉटेलातल्या त्या दोन पोरांसाठी एक रुपयाची सोय कुठे नव्हती. लोनचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी विचारात घेतला नव्हता.

पीएचसी_सिस्टर
मी चंद्रपूरजवळच्या एका उपकेंद्रात अकरा वर्षं काम करते. तुम्ही सगळे वीस वर्षं, पंधरा वर्षं असं बोलताय ते वाचून राग येतो खरं सांगू. सकाळी लसीकरणाचं टेबल पुसते, बाराला परत पुसते, कपडा काळा. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. दम्याचा पंप मागायला येणाऱ्या बायांपैकी निम्म्या आयुष्यात कधी खाणीत गेल्या नाहीत, त्या फक्त रस्त्याच्या कडेला राहतात जिथून कोळशाचे ट्रक जातात.

केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं होतं. म्हणजे सरकारला माहीत आहे. आणि उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी पत्र्याच्या खोलीत बाळंतीण कशी राहते ते एकदा येऊन बघा, मी ओल्या चादरी लावायला सांगते तर त्या म्हणतात सिस्टर पाणी एक दिवसाआड येतं. हवामान बदल आमच्याकडे उद्याची गोष्ट नाही हो. न्याय न्याय म्हणताना फक्त कामगाराचाच न्याय धरताय का? त्या बाईला बंद करायची तारीख विचारली तर ती काल म्हणेल.

वर्धाकाठ
सिस्टर, माझी आई त्याच बायांपैकी एक आहे. तरी मी उद्या बंद करा म्हणू शकत नाही कारण तिच्या पंपाचे पैसे बाबांच्या त्याच डंपरमधून आले. हे लिहितानाही बरं वाटत नाहीये.

फिडर_ट्रिप
निवृत्त आहे, ३१ वर्षं वीज खात्यात काढली त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो. आधी एक दुरुस्ती, कोळसा खाणी केंद्राच्या, चंद्रपूरचे संच राज्याच्या महानिर्मितीचे. विधानसभा खाणीची तारीख लिहू शकत नाही. संचांची लिहू शकते. हा फरक लक्षात ठेवा नाहीतर मोर्चा चुकीच्या दारावर जाईल.

आता मुख्य मुद्दा. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की देशाच्या स्थापित क्षमतेतली (सगळे प्रकल्प मिळून जास्तीत जास्त किती वीज बनवू शकतात त्यातली) निम्मी क्षमता आता बिगर-कोळशाची, बिगर-गॅसची झाली. लोकांनी पेढे वाटले. पण क्षमता वेगळी आणि युनिट वेगळी, प्रत्यक्ष वापरलेल्या विजेतला साधारण तीन चतुर्थांश हिस्सा अजून कोळशाचाच आहे. सोलर दुपारी बाराला छान आहे, तीन रुपयांच्या आसपास युनिट पडतं, नव्या कोळशाच्या संचाची वीज त्याच्या जवळपासही येत नाही. पण संध्याकाळी सात वाजता स्वयंपाक, टीव्ही, पंखे, दुकानं सगळं एकदम लागतं तेव्हा सोलर शून्य. तेव्हा कोयना चालवायची, घाटघरचं २५० मेगावॅट उदंचन (पाणी वर चढवून साठवायचं, लागलं की खाली सोडून वीज काढायची) चालवायचं आणि बाकी थर्मल. आता संचांना दुपारी लोड ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून संध्याकाळी परत वर न्यायला सांगतात, पुढे ४० टक्के. हे संच त्यासाठी बनलेले नाहीत, रोज असं वरखाली केलं की बॉयलरच्या ट्यूबा फुटतात, मी फुटलेल्या पाहिल्यात.

म्हणून वर्षाची तारीख लिहू नका, अट लिहा. इतके मेगावॅट साठवण, बॅटरी किंवा उदंचन, उभी राहिली की इतके संच बंद. तुम्ही २०४५ लिहिलं आणि साठवण झाली नाही तर तारीख पुढे ढकलली जाईल, आणि एकदा ढकललेल्या तारखेवर परत कोणी विश्वास ठेवत नाही.

पीएचसी_सिस्टर
काका अट लिहिली की साठवण उभारायचीच नाही आणि म्हणायचं अट पूर्ण झाली नाही. आणि एकीकडे बंद करायचं बोलतात तर कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच कशाला आणले? २०२३ च्या मे महिन्यात सुनावणी झाली, लोकांनी विरोध केला. तो संच उभा राहिला की तीस-चाळीस वर्षं चालवणारच ना, एवढे पैसे घातलेले.

फिडर_ट्रिप
ताई, सरकारचं म्हणणं असं की जुने २१० चे संच काढून त्यांच्या जागी नवे, ते कमी कोळशात जास्त वीज देतात. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे. पण तुमचा प्रश्न योग्य आहे, आज घातलेला पैसा २०६० पर्यंत वसूल करायला बघणार. अट आणि शेवटची मुदत दोन्ही लिहावं लागेल, हे मी मान्य करतो.

कोरडवाहू
धुळे जिल्ह्यातून लिहितोय. तुम्ही सगळे असं बोलताय की कोळसा वाईट आणि सोलर आपोआप चांगलं. २०१८ च्या जानेवारीत विखरणचे धर्मा पाटील मंत्रालयात विष प्यायले आणि आठवड्याभरात गेले. पाच एकर बागायती जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली आणि हातात चार लाखांच्या आसपास टेकवले, शेजारच्याला कितीतरी जास्त. म्हातारा माणूस कागदांची पिशवी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. त्याला तुमच्या नेट झिरोशी काय घेणं होतं?

कर्नाटकात पावगड्याला २०५० मेगावॅटचं सोलर पार्क आहे, तेरा हजार एकर, तिथे निदान जमीन विकत घेतली नाही, एकरी वर्षाला २१ हजार भाड्याने घेतली आणि भाडं दर दोन वर्षांनी वाढतं. कोरडवाहूवाल्याला ते परवडतं, मी स्वतः हिशोब केला तर ज्वारी-बाजरीत तेवढं सुटत नाही. पण तिथे जो भूमिहीन होता, दुसऱ्याच्या शेतात निंदणी-कापणी करायचा, शेळ्या चारायचा, त्याला भाडं नाही, कामही नाही आणि चराईचं रान तारेच्या कुंपणात गेलं. म्हणून सोलरच्या कायद्यात पण लिहा की जमीन भाड्यानेच घ्यायची आणि भाड्यातला ठरावीक वाटा ग्रामपंचायतीमार्फत भूमिहीनांना. नाहीतर तुम्ही चंद्रपूरचं दुखणं धुळ्याला पाठवताय.

बाकी चांगलं ते चांगलं म्हणतो, आमच्या गावात कृषी वाहिनीचं (शेतीपंपांच्या लाइनसाठीचं) सोलर झालं आणि आता दिवसा लाईट असते. आधी रात्री दोनला मोटर चालू करायला जायचो, बिबट्या आणि सापाची भीती. आता दुपारी पाणी देतो आणि रात्री झोपतो. बायकोला विचाराल तर ती म्हणेल एवढ्यासाठी सोलरवाल्यांना सगळं माफ.

लालबाग_चाळ
वर्धाकाठचं पहिलं पोस्ट वाचून मला माझे आजोबा आठवले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. गिरण्या कधीतरी जाणार, मुंबईतला सूत-कापड धंदा टिकणार नाही हे मालकांना माहीत होतं, सरकारला माहीत होतं, फक्त माझ्या आजोबांना कोणी सांगितलं नव्हतं. ते कित्येक वर्षं बिल्ला जपून होते की बोलावणं येईल.

जमिनीचं ऐका. १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणीच्या जमिनीचे तीन भाग, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मग २००१ मध्ये नियमाचा अर्थ बदलला, तीन भाग फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीचे, ज्याच्यावर बांधकाम आहे ती धरायचीच नाही. २००६ ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. एका शब्दात एकरच्या एकर गेले. आज तिथे काय उभं आहे ते तुम्ही पाहिलंय, आणि आमच्याकडे घराच्या लॉटरीचा फॉर्म अजून कपाटात आहे.

म्हणून तारीख लिहा, मी वर्धाकाठच्या बाजूने आहे, पण जमिनीचा शब्द न् शब्द वकिलाकडून तपासून घ्या. कोळशाच्या खाणीची जमीन १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने घेतलेली असते, ती कंपनीकडे जाते आणि कोळसा संपल्यावर शेतकऱ्याला परत मिळेल असं त्यात काही नाही. राजुऱ्याच्या पाचशे फूट खड्ड्याला आज किंमत नसेल, पण त्याच्या कडेची सपाट जमीन, सायडिंग, वीज उपकेंद्र, पाण्याचा हक्क याला उद्या सोन्याचा भाव येणार. तेव्हा ती कोणाची, हे आज ठरवा.

मीनल_डॉर्टमुंड
मूळची नागपूरची, नऊ वर्षं जर्मनीतल्या रूर या जुन्या कोळसा पट्ट्यात राहते. इथे १९५७ च्या सुमारास जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणीत सहा लाख माणसं होती. शेवटची खाण बॉट्रॉपची, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली, आणि ती बंद होणार हे २००७ मध्येच ठरलं होतं, अकरा वर्षं आधी. माझे शेजारी खाणीत होते, त्यांना पन्नाशीत लवकर निवृत्ती आणि पगाराचा मोठा हिस्सा मिळाला, धाकट्यांना दुसरं काम शिकवलं. परळीकर दादा, त्या अकरा वर्षांत गावं मेली नाहीत. पण एक सांगते, इथे १९६० च्या दशकातच बोखुम आणि डॉर्टमुंडला नवी विद्यापीठं काढली, आधी या पट्ट्यात एकही नव्हतं. बंद करायच्या कितीतरी आधी दुसरं काही उभं केलं होतं.

एक गोष्ट भारतात कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. खाण बंद झाली तरी तिच्यातलं पाणी उपसावंच लागतं, इथे जमीन खचून गावं नदीच्या पातळीखाली गेलीत, पंप थांबले तर घरात पाणी. हे कायमचं आहे, "कायमचा बोजा" असाच शब्द आहे त्यांच्याकडे. त्यासाठी वेगळं फाउंडेशन काढून त्याच्या नावावर केमिकल कंपनीचे शेअर ठेवलेत, त्याच्या उत्पन्नातून पंप चालतात. आमच्या चंद्रपूर-वणीच्या जुन्या भूमिगत खाणींखाली काय आहे, पुढची शंभर वर्षं ते कोण बघणार?

आणि सगळं छान नाही. स्टीलच्या कारखान्याच्या जागी डॉर्टमुंडला फिनिक्स तलाव केला, कडेला घरं बांधली. त्या घरांत कारखान्यातला एकही माणूस राहू शकत नाही एवढी महाग आहेत.

परळीकर_७४
मीनलताई, जर्मनीने एकट्या कोळशाच्या भागांसाठी ४० अब्ज युरो बाजूला काढले. आपल्याकडे कोण काढणार? दक्षिण आफ्रिकेला श्रीमंत देशांनी ८.५ अब्ज डॉलर देतो म्हटलं, तिथलं कोमाटी वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं, बंद करायचं काम वेळेवर झालं आणि नवीन काम मात्र मागे राहिलं, तिथले लोक अजून बोंब मारतात. फ्रान्सने २०१८ ला इंधनावर कर वाढवला तर लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर आले, कारण गावातल्या माणसाला गाडीशिवाय पर्यायच नव्हता. पैसा नसताना मोठमोठ्या तारखा लिहिणं म्हणजे गरिबाच्या नावावर कर्ज काढणं.

माजरीवाला
पैसा नाही असं म्हणू नका, पैसा होता. २०१० पासून दर टन कोळशावर स्वच्छ ऊर्जेचा सेस (जादा कर) घ्यायचे, ५० रुपयांपासून २०१६ ला ४०० रुपये टनावर गेला. आमच्या हाताने काढलेला कोळसा. २०१७ ला जीएसटी आला आणि तो पैसा जीएसटीमुळे राज्यांचा जो तोटा होईल त्याच्या भरपाईत वळवला. सप्टेंबर २०२५ ला सेसच काढला आणि कोळशावर जीएसटी ५ चा १८ टक्के केला. यातला किती पैसा खाणीच्या गावाला आला? विचारा गावात. २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे, तो आमच्यासाठीच आहे, जुन्या खाणींच्या रॉयल्टीच्या तीस टक्के. त्यातून गेट आणि पेव्हर ब्लॉक लावतात. खाण बंद करायला एस्क्रो खातं (त्याच कामासाठी बाजूला ठेवलेला पैसा) असतं २००९ पासून, त्यात मुख्य हिशोब खड्डा भरायचा आणि झाडं लावायचा, माणसाचा नावापुरता.

पण वर्धाकाठ, मी युनियनचा माणूस आहे आणि तुझ्या तारखेला माझा विरोध आहे, काहून ते सांगतो. तारीख लागली की त्या दिवसापासून मॅनेजमेंट भरती बंद करते, जुनी शॉवेल दुरुस्त करत नाही, छताला सपोर्ट द्यायला सामान नाही म्हणते, "आता दहाच वर्षं राहिली" म्हणते. शेवटच्या दहा वर्षांत माणसं मरतात. आणि नोकऱ्या हवामानाने चालल्या असं कोणी समजू नये. कोल इंडिया झाली तेव्हा पावणेसात लाख कामगार होते, आज त्याच्या एक तृतीयांशच्या आसपास, आणि देशाचा कोळसा मार्च २०२५ ला वर्षाला १०० कोटी टनांवर गेला. कोळसा वाढला, कायम माणूस घटला, उरलेलं तुझ्या बाबासारख्यांनी केलं. आधी ठेकेदारी कामगाराची नोंद करा. कोण कुठे किती वर्षं आहे याची यादीच नाही तर भरपाई कोणाला देणार, तारखेच्या दिवशी जो गेटवर असेल त्याला?

वर्धाकाठ
माजरीवाले काका, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून काल रात्री झोप नाही आली. खरं आहे, बाबा आता घरी आहेत, म्हणजे उद्या कितीही चांगला कायदा आला तरी ते त्या यादीत नसणार.

मी माझं म्हणणं बदलतो, पूर्ण नाही पण बदलतो. पहिल्या वर्षी नोंद, दहा वर्षं मागे जाऊन, सोडून गेलेले आणि आजारी पडलेले धरून, आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची. ती झाल्याशिवाय कुठल्याही खाणीची तारीख लिहायची नाही. सिस्टरचं म्हणणं मला टाळता येत नाही, म्हणून संच बंद होईपर्यंतची धूळ थांबवायची मुदत वेगळी आणि ती दोन वर्षांची, ट्रकऐवजी झाकलेला पट्टा किंवा रेल्वे, त्याला वीस वर्षं कशाला लागतात? फिडर काकांची अट आणि शेवटची मुदत दोन्ही. लोनचं परळीकर दादांचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, मीनलताईंनी सांगितलं तसं आधी काहीतरी उभं राहिलेलं दिसलं तर कदाचित बँकही देईल. पण तारीख सोडायला मी तयार नाही. लपवलेली तारीखही तारीखच असते काका, फक्त ती मालकाला माहीत असते.

परळीकर_७४
आधी उभं करा, लोकांना दिसू द्या, मग पाटी लावा. एवढ्यावर मी तुमच्या सोबत येतो. उलटं केलं तर नाही.

पीएचसी_सिस्टर
धुळीची दोन वर्षं मला मान्य. संचाची वीस वर्षं मान्य नाहीत, लिहून ठेवा.

माजरीवाला
वर्धाकाठ, ते कागद फेकू नको. ठेकेदार गायब झाला तरी पीएफची जबाबदारी मूळ मालकावर म्हणजे ज्याची खाण त्याच्यावर येते. सहाही पीएफ नंबर एका कागदावर लिही, कोणत्या साली कोणता गेटपास ते बाजूला लिही, त्या साडेसहा वर्षांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढ, दोन दोन. सोबत काम केलेले कोणी दोघं साक्षीला मिळतात का बघ. रविवारी सकाळी युनियन ऑफिसला ये, बाबालाही आण, सह्या त्यांच्याच लागतील.